ब्लॅक अँड व्हाइट केला की फोटो मळकट होतो? नेमकं कुठे बिघडतंय ते असं शोधा

तक्रार सगळ्यांची जवळपास सारखीच असते. रंगीत फोटो मस्त दिसतो, ब्लॅक अँड व्हाइट केला की सगळं राखाडी, ना धड काळं ना धड पांढरं, मग कॉन्ट्रास्ट वाढवला की डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आणि आकाश पांढरंफटक, कमी केला की परत तोच मळकटपणा. एखाद्या फोटोचं असं झालं तर सोडून द्या, पण दर वेळी होत असेल तर कॉन्ट्रास्टच्या स्लायडरला हात लावणं आधी थांबवा, कारण बहुतेक वेळा दुखणं दुसरीकडेच असतं. ते रंगात असू शकतं, उजेडात, फोनच्या हुशारीत किंवा थेट लेन्सवर, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी निदान करूया.

बिघडलेला एक फोटो घ्या, रंगीत ओरिजिनल. स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट टूल आहे, त्यात कलर फिल्टर निवडता येतो. लाल लावून एक कॉपी सेव्ह करा, मग ओरिजिनल परत उघडून हिरवा, मग परत निळा. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. तिन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसला, म्हणजे एकात माणूस उजळलाय, एकात झाडं काळी पडलीत, एकात आकाश बदललंय, तर तुमचा फोटो चांगला आहे आणि गडबड कन्व्हर्ट करताना होतेय. तिन्ही जवळपास सारखेच राखाडी आले तर तिथे मुळात रंगच नव्हते, पावसाळी आकाश, सिमेंट, ओला डांबरी रस्ता, आणि मग कुठलंही अ‍ॅप काही करू शकणार नाही, उजेडाकडे बघावं लागेल. हे एकदा कळलं की निम्मा वेळ वाचतो.

आधी पहिला प्रकार, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

आपल्या डोळ्याला लाल आणि हिरवा हे अगदी वेगळे वाटतात, पण दोघांचा उजळपणा सारखा असेल तर रंग काढल्यावर ते एकच होतात. हे हिशोबाने बघता येतं. बऱ्याच ठिकाणी रंगाचा ग्रे करताना लालचे 30 टक्के, हिरव्याचे 59 टक्के आणि निळ्याचे 11 टक्के धरतात, टीव्हीच्या काळापासून चालत आलेलं गणित आहे. आता शुद्ध लाल घ्या, 255, 0, 0 (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी 0 ते 255 मध्ये). त्याचा ग्रे येतो 76. गडद हिरवा घ्या, 0, 128, 0. त्याचा येतो 75. डोळ्याला हा एकाचा फरक दिसतच नाही! म्हणजे मे महिन्यात लालबुंद फुललेल्या गुलमोहराचा फोटो काढून तो नुसता डिसॅच्युरेट केला, म्हणजे रंग काढून टाकला, तर फुलं पानांत गायब होतात, समोर उरतं एक साधं झाड. बेस्टची लाल बस हिरव्या झाडांसमोर उभी असेल तरी तेच. आणि याच्या उलट पिवळा, तो इतका उजळ असतो की शुद्ध पिवळ्याचा ग्रे 226 येतो, म्हणून पावसाळ्यातल्या पांढऱ्या आकाशासमोर टॅक्सीचं पिवळं टप आकाशातच विरघळून जातं आणि टॅक्सी वरून कापल्यासारखी दिसते.

त्यात अजून एक भानगड म्हणजे सगळी अ‍ॅप्स एकाच हिशोबाने रंग काढत नाहीत. फोटोशॉपमधली डिसॅच्युरेट कमांड मारली तर शुद्ध लाल, शुद्ध पिवळा, शुद्ध निळा सगळे एकाच ग्रेवर येतात, 128 च्या आसपास. गिंप या फुकट मिळणाऱ्या एडिटरमध्ये तर कुठल्या पद्धतीने करायचं ते विचारतातच. त्यामुळे सॅच्युरेशन शून्य करून ब्लॅक अँड व्हाइट करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा, मी हे अगदी आग्रहाने सांगतोय, कारण त्यात तुम्ही सगळा निर्णय अ‍ॅपच्या हातात देताय आणि अ‍ॅपला तुमच्या फोटोत काय महत्त्वाचं आहे ते माहीत नसतं.

त्याऐवजी मिक्सर वापरा, म्हणजे कुठला रंग किती उजळ ग्रे व्हायचा ते तुम्हीच ठरवा. लाइटरूममध्ये, मोबाइलवरच्याही, ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर आठ रंगांचे स्लायडर मिळतात. गुलमोहरासाठी लाल आणि नारिंगी वर, हिरवा खाली. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, झाडांची पानं आपल्याला हिरवी दिसली तरी फोटोत त्यांच्यात पिवळा भरपूर असतो, त्यामुळे हिरवा स्लायडर ओढून ओढून काही होत नसेल तर पिवळा हलवून बघा, पानं लगेच ऐकतील. टॅक्सीसाठी पिवळा खाली. गेटवेचा दगड पिवळसर बेसाल्ट आहे, ऑक्टोबरच्या स्वच्छ दिवशी पिवळा थोडा वर आणि निळा खाली घेतला की कमान आकाशापासून सुटून पुढे येते.

पण निळा स्लायडर सांभाळून. आकाश नाट्यमय करायच्या नादात तो तळाला नेला की आकाशात दाणे दिसायला लागतात आणि इमारतीच्या कडेने पांढरी किनार येते. याचं कारण असं की जेपेगमध्ये साधारणपणे रंगाची माहिती उजळपणापेक्षा कमी रिझोल्युशनमध्ये साठवतात, रंगीत फोटोत ते कळत नाही, पण मिक्सर जोरात ओढला की तेच तुकडे उघडे पडतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, 16,384, म्हणून रॉ असेल तर बरंच ओढता येतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलवर हे प्रयोग करूच नका, पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड लावून नुसतं जेपेग काढत असाल तर रंग तिथेच गेला, मागाहून मिक्सर कशावर चालवणार? रॉ प्लस जेपेग ठेवा. स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाइट दिसेल, ज्याने बघायची सवय लागते, आणि रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतील. लाल काचेचा फिल्टर डिजिटलवर लावावा का असंही विचारतात. साध्या रंगीत सेन्सरवर नको. सेन्सरवरच्या चार ठिपक्यांपैकी एकच लाल असतो, लाल काच लावली की बाकीच्या तिघांना जवळपास काहीच मिळत नाही, शिवाय 25 नंबरच्या लाल फिल्टरने तीन स्टॉप उजेड जातो तो वेगळाच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). ते काम मिक्सरवर सोडा, काच फिल्मसाठी ठेवा.

आता एक प्रकार असा की मिक्सर वापरूनही चेहरा चितकबरा होतो. दादरच्या फूलमार्केटमध्ये हे हमखास होतं. सकाळची वेळ, वर निळी ताडपत्री, खाली गोणपाटावर केशरी झेंडूचा ढीग, त्याच्या बाजूला पांढरी शेवंती, आणि मावशी मान खाली घालून सुई-दोऱ्यात फुलं ओवतायत. चेहऱ्याचा वरचा भाग, कपाळ आणि नाक, ताडपत्रीतून गाळून आलेल्या निळ्या उजेडात. हनुवटी आणि गळ्याखाली मात्र झेंडूवरून उसळलेला नारिंगी उजेड. रंगीत फोटोत हे सुंदर दिसतं. ब्लॅक अँड व्हाइट केलं आणि चेहरा उजळायला नारिंगी स्लायडर वर नेला की हनुवटी चमकते, कपाळ जिथल्या तिथे काळपट राहतं, कारण फोटोच्या दृष्टीने ते कपाळ नारिंगी नाहीचये, ते निळसर-जांभळट आहे. मग माणूस वैतागून जांभळा ओढतो, निळा ओढतो, आणि चेहऱ्यावर ढग तयार होतात.

इलाज मिक्सरच्या आधी आहे. फोटो रंगीत असतानाच व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, चेहऱ्यासाठी नीट करा, टेंपरेचर उबदार बाजूला न्या, कपाळाला कातडीचा रंग येईपर्यंत, झेंडू भडक झाला तर होऊ दे. मग ब्लॅक अँड व्हाइट करा. कन्व्हर्ट केल्यावरही टेंपरेचर आणि टिंटचे स्लायडर हलवून बघा, रंग दिसत नसले तरी ग्रे बदलतात, कारण मिक्सरच्या आधी तेच रंग ठरवतात. अख्ख्या फोटोला एक फिल्टर लावल्यासारखा त्याचा उपयोग होतो आणि मिक्सरपेक्षा तो कितीतरी मऊ असतो, दाणे येत नाहीत, किनार येत नाही. मला विचाराल तर मिक्सरच्या आधी दर वेळी हेच करून बघावं.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर नारिंगी स्लायडरबद्दल एक मनापासून सांगायचंय. तो वर नेला की माणूस गोरा होतो, आणि तिथेच बरेच फोटो मेणाच्या पुतळ्यासारखे होतात, सुरकुत्या जातात, कातडीचा पोत जातो. सावळा माणूस सावळाच दिसू द्या. अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी 1940 च्या सुमारास बसवलेल्या झोन सिस्टीमवरून, ज्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजळपणाचे टप्पे पाडतात आणि मधला ग्रे झोन पाच असतो, जे ट्युटोरियल असतात त्यात सांगतात की चेहरा झोन सहावर ठेवा, म्हणजे मधल्या ग्रेपेक्षा एक स्टॉप उजळ. ते गोऱ्या कातडीच्या हिशोबाने आहे. आपल्याकडे बऱ्याच चेहऱ्यांची जागा झोन पाच, कधी चार, आणि तिथे ठेवला तरच तो खरा वाटतो. सावळ्या चेहऱ्याचं सौंदर्य त्याच्यावरच्या चमकेत असतं, गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर पडलेला उजेड. समोरून फ्लॅश मारला तर ती चमक पसरून जाते. खिडकीच्या किंवा दाराच्या बाजूला माणसाला थोडं तिरकं बसवा, चमक आपोआप येते आणि स्लायडर हलवायची गरजच राहत नाही.

दुसरा प्रकार, तीन फिल्टरचे तीन फोटो सारखेच आले. मग उजेड.

जून ते सप्टेंबर मुंबईचं आकाश म्हणजे एक मोठा पांढरा पडदा, उजेड सगळीकडून सारखाच येतो, सावली पडत नाही, आणि सावली नाही म्हणजे आकार नाही. मेमध्ये उलटी गोष्ट. 15 मेच्या आसपास आणि परत जुलैच्या शेवटाकडे सूर्य मुंबईत भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, जुलैमध्ये ढगांमुळे कळत नाही, पण मेमध्ये सावली पायाखाली गोळा होते आणि माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. डिसेंबरमध्ये दुपारी बारा-साडेबारालाही सूर्य साधारण 47-48 अंशांवरच असतो, त्यामुळे फोर्टमधल्या इमारतींची कोरीव कामं, सीएसएमटीचे दगडी प्राणी, जाळ्या, हे सगळं काढायला तो काळ सोन्यासारखा, दिवसभर उजेड तिरका मिळतो.

पावसाळ्यात मात्र उजेड शोधावा लागतो, आणि तो जागेमुळे मिळतो, आकाशामुळे नाही. चाळीची गॅलरी घ्या. एका बाजूने उघडी, दुसऱ्या बाजूला भिंत आणि दारं. तोच सगळीकडून येणारा उजेड इथे एकाच बाजूने येतो. माणसाला कठड्याला टेकवून उभं केलंत तर अजून थोडा सपाटच येईल, पण तेच दाराच्या चौकटीत, दोन पावलं आत घेतलं की चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी हळूहळू अंधारात जाते आणि मागची खोली काळी पडते. काही विकत घ्यायची गरज नाही. पुलाखाली, दुकानाच्या पत्र्याखाली, स्टेशनच्या जिन्याच्या तोंडाशी हेच घडतं.

आणि पाऊस ब्लॅक अँड व्हाइटसाठी वाईट असतो असं मला अजिबात वाटत नाही. डांबर भिजलं की गडद होतं आणि त्याच्यावर आकाश चमकतं, म्हणजे काळं आणि पांढरं तुम्हाला रस्त्यावरच आयतं मिळालं. फक्त फ्रेममधलं आकाश कमी करा, कॅमेरा खाली वळवा. पावसाच्या धारा दिसत नाहीत अशी तक्रार असते, तर त्या पांढऱ्या आकाशासमोर दिसणारच नाहीत, मागे काहीतरी गडद हवं, झाड, काळी छत्री, अंधारं दुकान, आणि उजेड पावसाच्या मागून हवा, म्हणजे संध्याकाळी गाड्यांचे हेडलाइट किंवा रस्त्यावरचा दिवा. शटर स्पीड 1/60 सेकंदाच्या आसपास ठेवला की धारा लांब येतात, 1/500 ला थेंब सुटे दिसतात.

याच दिवसांत एक्स्पोजरही फसतं. वरळी सी फेसवर पांढरं आकाश आणि पांढरा समुद्र फ्रेममध्ये भरला की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या पांढऱ्याला मधला ग्रे समजतो आणि अख्खा फोटो अंधारा करतो, मग तो घरी येऊन उचलला की सावलीतले दाणे वर येतात आणि तोच मळकटपणा. जागेवरच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लस एक करा. फोनमध्ये माणसावर टॅप करून बोट वर सरकवा, झालं.

फोनवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. हल्लीचे फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेऊन जोडतात, सावली उचलतात, उजेड दाबतात, रंगीत फोटोत ते छान वाटतं कारण फरक रंगांनी टिकतो. रंग काढले की सगळं मधल्या ग्रेमध्ये गोळा झालेलं असतं. तुमचा फोटो फोनचा आहे, तीन फिल्टरमध्ये बरा फरकही दिसतोय, पण काळं कुठेच काळं नाही, असं असेल तर बहुतेक हेच आहे. सेटिंगमध्ये एचडीआर (फ्रेम जोडण्याची हीच सोय) बंद करता येत असेल तर करा, नाहीतर प्रो मोडमध्ये रॉ काढा. आधीच काढलेल्या फोटोला ब्लॅक्सचा स्लायडर खाली घ्या, फोटोतली एखादी तरी गोष्ट, केस, छत्रीची आतली बाजू, दाराची फट, पूर्ण काळी होईपर्यंत, आणि व्हाइट्स वर, एखादी छोटी जागा जवळपास पांढरी होईपर्यंत. मधलं सगळं त्यानंतर कर्व्हने. क्लॅरिटी आणि स्ट्रक्चर ओढून हे भरून काढायला गेलात तर माणसांभोवती तेजोवलय येतं, ते टाळा.

आता ज्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही ते. सगळेच फोटो धुरकट येत असतील, विशेषतः उजेड समोरून असताना, तर लेन्स बघा. फोनच्या लेन्सवर बोटाचं तेल बसलेलं असतं, बनियनच्या स्वच्छ सुती कापडाने पुसलं तरी फरक कळतो. मरीन ड्राइव्हला भरतीच्या वेळी उभं राहून काढलं की काचेवर खाऱ्या तुषारांचा पातळ थर बसतो, तो कोरडा घासू नका, आधी ब्लोअर, मग लेन्सचं लिक्विड. एसी गाडीतून किंवा ऑफिसातून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावर पावसाळ्यात वाफ धरते, त्याला बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या. आणि बुरशी. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून असलेल्या लेन्सला ती होतेच. लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि तोवर बाकीच्या लेन्सपासून ती लांब ठेवा. पुढे लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि ते जेल वेळच्या वेळी सुकवत राहा, किंवा ड्राय कॅबिनेट, म्हणजे हवा कोरडी ठेवणारं कपाट, 40 ते 50 टक्के आर्द्रतेवर.

फिल्मवर काढणाऱ्यांचं मळकट येण्याचं कारण निगेटिव्ह स्वतःच सांगते. कडेला फिल्मचं नाव आणि नंबर छापलेले असतात, ते कंपनीने आधीच एक्स्पोज केलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. ती अक्षरं ठळक काळी आणि फोटो फिकट, तर तुम्ही एक्स्पोजर कमी दिलंय. अक्षरंच फिकट असतील तर डेव्हलपिंग कमी पडलंय किंवा डेव्हलपर शिळा आहे. उन्हाळ्यात उलट होतं, बहुतेक चार्ट 20 अंशांचे असतात आणि आपल्या नळाचं पाणी त्याहून बरंच गरम, वेळ तोच ठेवला तर निगेटिव्ह जास्त डेव्हलप होऊन आकाश ठोकळ्यासारखं पांढरं छापलं जातं. बादलीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात बाटल्या बुडवून ठेवा, फिक्सर आणि धुण्याचं पाणीसुद्धा तेवढ्याच तापमानाजवळ असू द्या. गरम पाण्यासाठी वेळ कमी करता येतो, पण पाच मिनिटांच्या खाली गेलात तर डेव्हलपिंग एकसारखं होत नाही.

राहिला प्रिंट. स्क्रीनवर बरोबर आणि लॅबमधून आलं तर अंधारं, याचं कारण बहुधा रात्री ब्राइटनेस फुल ठेवून केलेलं एडिटिंग, कागद स्वतः उजेड देत नाही, त्याच्यासाठी ब्राइटनेस निम्म्यावर आणून आणि रात्रीचा पिवळा मोड बंद करून एकदा परत बघा. हिरवट किंवा गुलाबी छटा आली तर ती लॅबच्या रंगीत कागदाची असते, तिथे ग्रे सुद्धा तीन रंग मिसळूनच बनतो आणि एक जरी कमी-जास्त झाला तरी ग्रेमध्ये लगेच दिसतं. फाइल ग्रेस्केलऐवजी एसआरजीबीमध्ये (रंगीत फोटोंच्या नेहमीच्या कलर प्रोफाइलमध्ये) द्या, मोठा प्रिंट काढायच्या आधी 4 बाय 6 चा एक नमुना मागा, आणि तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर येऊन दिवसाच्या उजेडात बघा, छटा दिसली तर तिथल्या तिथे दाखवून दुरुस्त करून घेता येते.